आमचा एडी गेला: अमेरिकी विद्यापीठांतल्या खुर्च्यांची साखळी आणि मागे राहणारे चाहते

मार्च २०२४ मध्ये पुलमनहून भाच्याचा फोन आला. पुलमन हे वॉशिंग्टन राज्याच्या अगदी पूर्वेकडचं गाव. चहूकडे गव्हाच्या टेकड्या आणि मधोमध वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी. पोरगा तिथे इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होता. आयुष्यात त्याने मैदानावर पाय ठेवलेला नाही, पण आवाज असा होता की घरात काहीतरी वाईट घडलंय. म्हणाला, "मामा, आमचा एडी गेला. आणि गेला कुठे, तर सिअ‍ॅटलला!"

एडी म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याचा राग मात्र खरा होता, म्हणून मी त्यामागे लागलो. वाचत गेलो तेव्हा कळलं की त्याच महिन्यात अमेरिकेत निदान तीन विद्यापीठांच्या गावांत लोक असेच चिडलेले होते, आणि तिघांच्याही रागाचं मूळ एकाच रिकाम्या खुर्चीत होतं.

हा माणूस नेमकं करतो काय?

एडी म्हणजे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, विद्यापीठाचा क्रीडा संचालक. आपल्याकडच्या विद्यापीठातही शारीरिक शिक्षण संचालक असतात. ते संघ निवडतात, आंतरविद्यापीठ स्पर्धांना पाठवतात, मैदानाची देखभाल बघतात. अमेरिकेतल्या संचालकाच्या नावात तोच शब्द आहे, काम मात्र एखाद्या मोठ्या उद्योगाच्या प्रमुखाचं.

ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचं उदाहरण घ्या. तिथे ३६ खेळांचे संघ आहेत, आणि २०२३ च्या आर्थिक वर्षात क्रीडा विभागाचं उत्पन्न सुमारे २८ कोटी डॉलर होतं. यातला सर्वांत मोठा वाटा हेल्मेट घालून खेळतात त्या अमेरिकी फुटबॉलचा, त्यानंतर बास्केटबॉलचा. या दोन खेळांच्या कमाईवर पोहणं, कुस्ती, नौकानयन, जिम्नॅस्टिक्स असे बाकीचे बहुतेक संघ जगतात. प्रशिक्षक नेमणं आणि काढणं, धनिक माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या मिळवणं, स्टेडियम बांधणं, १९७२ च्या टायटल नाईन कायद्याप्रमाणे मुलींच्या संघांना समान संधी देणं, हे सगळं संचालकाच्या टेबलावर येतं.

आपल्याकडचं जवळचं चित्र सांगायचं तर सहकारी साखर कारखाना. रोजचा गाडा कार्यकारी संचालक हाकतो, पण गावातला प्रत्येक माणूस "आमचा कारखाना" म्हणतो, कारण ऊस त्याच्या शेतातून जातो. अमेरिकेत तो ऊस चाहते घालतात. तिकीट त्यांचं, देणगी त्यांची, टीव्हीसमोर बसणारे डोळे त्यांचे. फरक एकच, आणि तो फार मोठा आहे. कारखान्याच्या सभासदाला सर्वसाधारण सभेत हात वर करता येतो. चाहत्याच्या नावावर एकही शेअर नसतो.

एक खुर्ची रिकामी झाली आणि पाच गावं हलली

आता त्या मार्चकडे. ओहायो स्टेटचे जीन स्मिथ हे २००५ पासून संचालक होते. त्यांनी निवृत्ती जाहीर केली. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या जागी टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचे रॉस ब्योर्क यांची निवड झाली. मग टेक्ससची खुर्ची रिकामी. मार्चमध्ये ती भरायला नेब्रास्काचे ट्रेव्ह अल्बर्ट्स गेले. नेब्रास्काची खुर्ची रिकामी. तिथे आठवड्याभरात सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचे ट्रॉय डॅनन आले. सिअ‍ॅटलची खुर्ची रिकामी. तिथे, आणखी काही दिवसांत, पुलमनचे पॅट चन. माझ्या भाच्याला जो धक्का बसला तो या साखळीच्या शेवटच्या कडीचा.

ही साखळी मागेही जोडलेली आहे. डॅनन सिअ‍ॅटलला आलेच होते ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणजे सहा महिनेही झाले नव्हते. ते आले कारण त्यांच्या आधीच्या जेन कोहेन ऑगस्ट २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठात गेल्या होत्या. कोहेन सिअ‍ॅटलच्या त्या विद्यापीठात १९९८ पासून होत्या आणि २०१६ पासून संचालक. डॅनन आले न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठातून. टुलेनने मग नॉर्दर्न आयोवाचे डेव्हिड हॅरिस घेतले. आणि नॉर्दर्न आयोवाला डॅनन स्वतः टुलेनच्या आधी संचालक होते.

शाळेत खेळतो त्या संगीत खुर्चीत दर फेरीला एक खुर्ची कमी होते. इथे खुर्च्या तेवढ्याच राहतात. प्रत्येक जण एक पायरी वर सरकतो, आणि खड्डा पायरी पायरीने खाली उतरत जातो. सर्वांत खाली जे विद्यापीठ असतं त्याला बाहेरून कुणी मिळत नाही किंवा परवडत नाही. मग ते घरातलं माणूस शोधतं. पुलमनने तेच केलं. वीस वर्षांहून जास्त काळ तिथेच काम केलेल्या अ‍ॅन मॅकॉय यांना पद दिलं.

पायऱ्या कुणी बांधल्या?

माणसं पगारासाठी जातात हे खरं आहे, पण पगार जास्त का मिळतो ते पाहिलं नाही तर अर्धीच गोष्ट कळते.

अमेरिकी विद्यापीठं कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळतात. गटातली विद्यापीठं आपसात सामने खेळतात, आणि त्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क गट एकत्र विकतो. आलेले पैसे वाटून घेतात. दूध संघासारखंच हे. एकट्या गवळ्याला भाव मिळत नाही, संघाला मिळतो. आणि मोठ्या संघाला छोट्या संघापेक्षा जास्त मिळतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये बिग टेन या गटाने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, ७ अब्ज डॉलरहून मोठा करार केला. त्या सुमारास त्या गटातल्या जुन्या सदस्याला वर्षाला सहा कोटी डॉलरच्या आसपास वाटा मिळत होता. पश्चिम किनाऱ्यावरचा पॅक-१२ हा शंभर वर्षांहून जुना गट त्याच्या जवळपास अर्धेच पैसे वाटू शकत होता. जून २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी पॅक-१२ सोडून बिग टेनमध्ये जायचं ठरवलं. ४ ऑगस्ट २०२३ रोजी सिअ‍ॅटलचं वॉशिंग्टन आणि ओरेगन यांनी तोच रस्ता धरला, तोही सुरुवातीला अर्ध्या वाट्यावर. बाकीचेही पांगले. मागे राहिली फक्त दोन विद्यापीठं, ओरेगन स्टेट आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट.

पुलमनच्या संघाने काही वाईट कामगिरी केली म्हणून हे घडलं नाही. गाव लहान, टीव्हीचे प्रेक्षक कमी. सिअ‍ॅटलची बाजारपेठ मोठी. एवढंच. एका रात्रीत एकाच राज्यातली दोन विद्यापीठं दोन वेगळ्या पायऱ्यांवर जाऊन बसली. त्यानंतर सात-आठ महिन्यांनी पुलमनचा संचालक सिअ‍ॅटलला गेला, तेव्हा तो माणूस जितका गेला त्याहून जास्त ती पायरीच त्याच्या पायाखालून गेली होती. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ते ठीक आहे मामा, पण सिअ‍ॅटलच का?" त्याच्या या प्रश्नाकडे मी परत येणार आहे.

पगार किती, आणि करार असूनही जाता कसं येतं?

मोठ्या विद्यापीठांत संचालकाचा पगार आता दहा लाख डॉलरच्या वर असतो. डॅनन यांचा नेब्रास्काशी झालेला सहा वर्षांचा करार वर्षाला १६ लाख डॉलरपासून सुरू होत होता. त्या वेळच्या भावाने साधारण १३ कोटी रुपये. सरकारी विद्यापीठांच्या करारांची कागदपत्रं जनतेला मागता येतात, म्हणून हे आकडे बाहेर येतात. खासगी विद्यापीठांचं इतक्या सहज कळत नाही.

आता करार सहा वर्षांचा असेल तर माणूस सहा महिन्यांत निघतो कसा? पुण्यात आयटीत काम करणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असतो, पण नवी कंपनी म्हणते, "पुढच्या सोमवारी या, उरलेल्या दिवसांचे पैसे आम्ही भरू." अमेरिकेत याला बायआउट म्हणतात, म्हणजे करार मोडण्याची आधीच ठरलेली भरपाई. संचालक मधेच गेला तर जुन्या विद्यापीठाला इतके डॉलर, असं करारातच लिहिलेलं असतं. ते सहसा नवं विद्यापीठच भरतं.

त्यामुळे "दहा वर्षांचा करार केला" ही बातमी चाहत्यांनी ऐकली की त्यांना वाटतं माणूस दहा वर्षं राहणार. प्रत्यक्षात त्या कागदाने फक्त जाण्याची किंमत ठरते. अल्बर्ट्स यांचं नेमकं हेच झालं. २०२३ च्या अखेरीस नेब्रास्काने त्यांचा करार २०३१ पर्यंत वाढवला होता. तो वाढवल्याला सहा महिने व्हायच्या आत ते टेक्ससला होते. नेब्रास्काला भरपाई मिळाली. ज्यांनी त्या कराराची बातमी वाचून सुटकेचा श्वास टाकला होता, त्यांना काही मिळालं नाही.

चाहते एवढे का दुखावतात?

नेब्रास्का समजून घेतल्याशिवाय हे कळत नाही. या राज्यात बड्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. फुटबॉल म्हणजे लिंकन शहरातलं विद्यापीठ. तिथलं मेमोरियल स्टेडियम १९६२ पासून प्रत्येक सामन्याला पूर्ण भरलेलं आहे. संघ जिंकत होता तेव्हा भरलं, आणि मधली कित्येक वर्षं हरत होता तेव्हाही भरलं. वडिलांची सीट मुलाकडे येते. शनिवारी लाल शर्ट घालून लोक शेकडो किलोमीटर गाडी चालवत येतात. आषाढीला वारीत चालणाऱ्या घराण्यांची आठवण व्हावी अशी ही निष्ठा आहे.

अल्बर्ट्स याच स्टेडियममध्ये खेळले होते. १९९३ मध्ये देशातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या फळीतल्या खेळाडूला, मिळणारा बटकस पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये ते संचालक म्हणून परत आले तेव्हा लोकांना वाटलं, घरचा मुलगा घरी आला. ३० ऑगस्ट २०२३ रोजी त्यांच्याच कारकिर्दीत या फुटबॉल स्टेडियमवर मुलींचा व्हॉलीबॉल सामना भरवला गेला. ९२,००३ लोक आले. महिलांच्या खेळाला एवढी गर्दी हा जागतिक विक्रम म्हणून गाजला. असा दिवस दाखवणारा माणूस सहा-सात महिन्यांनी निघून जातो, तेव्हा लोकांना "नोकरी बदलली" हे वाक्य तोकडं वाटतं. मला त्यांचं बरोबर वाटतं.

अल्बर्ट्स फक्त पैशासाठी गेले असंही म्हणता येत नाही. नेब्रास्काचे विद्यापीठ-प्रमुख टेड कार्टर यांच्याशी त्यांचं चांगलं जमत होतं, आणि कार्टर स्वतः नेब्रास्का सोडून ओहायो स्टेटचे अध्यक्ष झाले होते. नेब्रास्कात कायमचा प्रमुख अजून बसलेला नव्हता. आपल्याला नेमणाऱ्याचा पाठिंबा गेला की मोठ्या पदावरचा माणूस अस्वस्थ होतो, हे कुठल्याही कचेरीत दिसतं. आणि बघा, ओहायो स्टेटला गेलेल्या याच कार्टर यांच्या काळात ब्योर्क यांना टेक्ससहून उचललं गेलं. साखळीची दोन्ही टोकं एकाच दारातून जातात.

पुलमनचा राग थोडा वेगळा. तिथल्या लोकांना देशाने विसरू नये याची सतत धडपड करावी लागते. ईएसपीएन वाहिनीचा 'कॉलेज गेमडे' नावाचा शनिवार सकाळचा कार्यक्रम दर आठवड्याला वेगळ्या विद्यापीठात होतो. २००३ पासून त्या प्रत्येक कार्यक्रमात गर्दीच्या मागे वॉशिंग्टन स्टेटचा झेंडा फडकतो. कार्यक्रम फ्लोरिडात असो की मिशिगनमध्ये, कुणीतरी माजी विद्यार्थी झेंडा घेऊन पोचतोच. पगार नाही, मानधन नाही. अशा लोकांचा संचालक त्याच राज्यातल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याकडे जातो, आणि तेही त्या प्रतिस्पर्ध्याने गट मोडून यांना उघड्यावर टाकल्यानंतर. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पाटाकडील तालमीचा माणूस पुढच्या हंगामात दिलबहार तालमीच्या बाकावर बसला तर पेठेत काय बोलतील ते कोल्हापूरकराला विचारा. भाच्याच्या "सिअ‍ॅटलच का?" या प्रश्नाचं मूळ इथे आहे. चन टेक्ससला गेले असते तर तो हळहळला असता, इतका चिडला नसता.

"खेळाडू जातात, प्रशिक्षक जातात, मग संचालकाने काय घोडं मारलं?"

हा आक्षेप मला सर्वांत जास्त वेळा ऐकू आला, आणि तो रास्त आहे. २०१८ पासून खेळाडूंसाठी ट्रान्सफर पोर्टल आहे. दुसऱ्या विद्यापीठात जायची इच्छा असेल तर त्यात नाव नोंदवायचं. २०२४ पासून कितीही वेळा बदली केली तरी एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही. जुलै २०२१ पासून त्यांना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसेही घेता येतात. प्रशिक्षक तर कायमच जात आलेत. जानेवारी २०२४ मध्ये सिअ‍ॅटलचा संघ राष्ट्रीय अंतिम सामना हरला, आणि त्याच आठवड्यात त्यांचे प्रशिक्षक केलन डिबोअर अलाबामाला गेले.

तरीही मी फरक करतो. खेळाडूच्या हातात चार-पाच वर्षं असतात आणि शरीर. एक दुखापत झाली की संपलं. वर्षानुवर्षं त्याच्या घामावर सगळे कमावत होते आणि त्याला शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हतं. त्याच्या जाण्याला मी नावं ठेवणार नाही. संचालकाचं काम दूरचं बघण्याचं आहे. तोच प्रशिक्षकाला सांगतो की इथे घर बांध, तोच देणगीदाराला सांगतो की वीस वर्षांचा विचार करून चेक फाड, तोच खेळाडूच्या आईवडिलांना शब्द देतो. निष्ठेचं आवाहन करणं हे त्याच्या कामातच येतं. त्याने उचलून जावं की नाही हा त्याचा हक्क, पण लोकांनी त्याला खेळाडूपेक्षा जास्त जबाबदार धरावं यात मला चूक दिसत नाही.

डॅनन यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. ते आयोवात वाढलेले. नेब्रास्का हे शेजारचं राज्य. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला घराजवळ जावंसं वाटतं, हे मुंबईत नोकरी करून सांगली-साताऱ्याची बदली मागणारा प्रत्येक जण समजू शकतो. त्यांनी सिअ‍ॅटलला जायला नको होतं असं म्हणता येईल. नेब्रास्काला जायला नको होतं असं मला म्हणवत नाही.

सही एकाची, देणं दुसऱ्याचं

चाहत्यांच्या रागातला जो भाग नुसत्या भावनेचा नाही, तो इथे आहे. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

२०१७ मध्ये टेक्सस ए अँड एमचे तेव्हाचे संचालक स्कॉट वूडवर्ड यांनी जिम्बो फिशर यांना फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून आणलं. दहा वर्षं, साडेसात कोटी डॉलर, आणि सगळी रक्कम हमीची. म्हणजे काढून टाकलं तरी द्यायचीच. २०१९ मध्ये वूडवर्ड लुइझियाना राज्यात, आपल्या गावाच्या एलएसयू विद्यापीठात गेले. त्यांच्या जागी ब्योर्क आले, आणि २०२१ मध्ये त्यांनी फिशर यांना त्याहून मोठा नवा करार दिला. संघ काही जिंकेना. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिशर यांना काढलं, तेव्हा द्यायची रक्कम निघाली ७ कोटी ६० लाख डॉलरच्या आसपास. सहाशे कोटी रुपयांहून जास्त, काम न करण्याचे. हप्ते २०३१ पर्यंत चालणार आहेत. दोन महिन्यांनी ब्योर्क ओहायो स्टेटला गेले.

आता बघा. पहिली सही करणारा गेला. दुसरी सही करणारा गेला. ज्यांच्यासाठी सह्या झाल्या ते प्रशिक्षकही गेले. हप्ते भरायचे आहेत अल्बर्ट्स यांच्या विभागाने, म्हणजे शेवटी टेक्ससच्या तिकीट घेणाऱ्यांनी आणि देणगीदारांनी. पूल बांधणाऱ्या अभियंत्याची बदली होते आणि पहिल्या पावसात पूल खचतो तेव्हा त्याच रस्त्याने रोज जाणाऱ्या गावाला जे वाटतं, तेच हे.

डॅनन सिअ‍ॅटलला असताना डिबोअर गेले, तेव्हा त्यांनी दोनच दिवसांत अ‍ॅरिझोनाहून जेड फिश यांना सात वर्षांच्या करारावर आणलं. त्यानंतर साधारण दहा आठवड्यांत डॅनन स्वतः गेले. अल्बर्ट्स यांनी नेब्रास्काला प्रशिक्षक मॅट रूल यांना आठ वर्षांसाठी आणलं होतं, आणि स्टेडियमच्या ४५ कोटी डॉलरच्या नूतनीकरणाला मंजुरी मिळवली होती. डॅनन आल्यावर त्यांनी तो आराखडा थांबवून पुन्हा तपासायला घेतला. नव्या माणसाला तो अधिकार आहे, आणि कदाचित शहाणपणही त्यातच असेल. पण एक आराखडा पाहून ज्याने पैसे बाजूला काढले, त्याला आता दुसऱ्याची वाट पाहायची.

वूडवर्ड यांची गोष्ट पुढेही जाते. एलएसयूत त्यांनी ब्रायन केली यांना दहा वर्षांच्या, साडेनऊ कोटी डॉलरच्या करारावर आणलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केली यांना काढलं, आणि पुन्हा पाच कोटींहून जास्त डॉलरच्या देण्याचा प्रश्न उभा राहिला. लुइझियानाचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी उघडपणे सांगितलं की पुढचा प्रशिक्षक वूडवर्ड निवडणार नाहीत. त्याच आठवड्यात वूडवर्ड यांना पद सोडावं लागलं. म्हणजे कधीकधी सही करणाराच खुर्चीत असताना देणं दारात येतं. तसं झालं की काय होतं, तेही दिसलं.

दीर्घ करार करणाऱ्याच्या स्वतःच्या भरपाईचा काही भाग त्या कराराच्या निकालाशी बांधायला हवा असं माझं मत आहे. प्रशिक्षकाला हमीचे पैसे देणारा संचालक मुदतीआधी गेला, तर त्याने जास्त भरपाई मोजावी. विद्यापीठांच्या नियामक मंडळांना हे करता येतं. ती मंडळं दुसऱ्याचा संचालक आणताना मात्र याच घाईत असतात, म्हणून कुणी पहिलं पाऊल टाकत नाही.

"पण हा करदात्यांचा पैसा आहे ना?"

मोठ्या विद्यापीठांत बहुतांश पैसा टीव्ही, तिकिटं आणि देणग्यांतून येतो. करातून फार थोडा. लहान विद्यापीठांत चित्र उलटं आहे. तिथे क्रीडा विभाग विद्यार्थ्यांच्या शुल्कावर आणि विद्यापीठाच्या तिजोरीवर चालतो. महाराष्ट्रातून अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी फीच्या तक्त्यात 'अ‍ॅथलेटिक फी' अशी ओळ आहे का ते पाहावं. कर्ज काढून पाठवलेल्या पैशातला थोडा वाटा तिथेही जात असेल. भाच्याच्या रागाला एवढं कारणही पुरेसं होतं, असं मला वाटतं. गावाचा नसला तरी वर्गणीदार तो होताच.

आता दर अजून वाढणार

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यानुसार १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. शिवाय जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून २.८ अब्ज डॉलरची भरपाई. खेळाडूंना हे फार उशिरा मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं.

पण हे दोन कोटी कुठून आणायचे, हा प्रश्न संचालकाच्या टेबलावर आला. ओहायो स्टेटसारख्या विभागालाही २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे ३ कोटी ७७ लाख डॉलरची तूट आली होती. पैसे उभे करू शकणारी माणसं मोजकी, मागणी वाढती. मोठी विद्यापीठं खालच्या पायरीवरून अशी माणसं उचलत राहणार. आणि खालच्या पायरीवरची विद्यापीठं माणूस घडवायचा आणि द्यायचा, हेच करत राहणार. गावातल्या तालमीत पैलवान तयार व्हायचा आणि मोठ्या आखाड्यात गेल्यावर त्याचं नाव व्हायचं, तसं.

मग चाहत्याने काय करावं? सामने बघणं सोडावं असं मी सांगणार नाही, ते कुणी ऐकणारही नाही. पण करार जाहीर होतो तेव्हा वर्षांचा आकडा वाचू नये, जाण्याची किंमत वाचावी. आणि राग जाणाऱ्या माणसावर काढण्याआधी त्याला नेमणाऱ्या आणि त्या अटी मान्य करणाऱ्या मंडळाकडे वळवावा. तिथली माणसं अनेक राज्यांत लोकांनी निवडलेली किंवा गव्हर्नरने नेमलेली असतात. नेब्रास्कात तर मंडळाचे सदस्य थेट मतदानाने निवडून येतात. सभासदाचा हात वर करण्याचा हक्क चाहत्याला नाही असं मी वर म्हटलं. तिथल्या मतदाराला तो आहे.

पुलमन आणि सिअ‍ॅटल, त्यानंतर

दोन्ही विद्यापीठांमधला वार्षिक फुटबॉल सामना अ‍ॅपल कप म्हणून ओळखला जातो. गट मोडल्यावर तो बंद पडेल अशी भीती होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्ही विद्यापीठांनी आणखी पाच वर्षं खेळायचं ठरवलं. तेव्हा वाटाघाटीच्या टेबलावर सिअ‍ॅटलकडून डॅनन होते आणि पुलमनकडून चन.

त्या कराराखालचा पहिला सामना १४ सप्टेंबर २०२४ रोजी सिअ‍ॅटलच्या लुमेन फील्डवर झाला. डॅनन तेव्हा नेब्रास्कात होते. चन मैदानावर होते, पण समोरच्या बाजूला. शेवटच्या मिनिटांत सिअ‍ॅटलचा संघ गोलरेषेच्या अगदी जवळ आला, आणि पुलमनच्या पोरांनी त्यांना तिथे अडवलं. २४-१९.

त्या रात्री भाच्याचा परत फोन आला. साडेचारशे किलोमीटर बसने जाऊन त्याने सामना पाहिला होता. घसा पार बसला होता, काय बोलतोय ते नीट कळतही नव्हतं. चन यांचं नाव त्याने एकदाही काढलं नाही.